अकरा ओळींचा फळा

शाळेला शंभर वर्षं झाली.
समितीने बोलावून सांगितलं, लवू, फळा रंगव.
वर 'गावचे नामवंत', खाली अकरा नावं.
आडनाव सगळ्यांचा एकच, म्हणजे रंग कमी लागतलो मां?

मी म्हटलं, उलट.
खारवणकर लिहिणं सोपं नाही.
ख मधल्या र चं शेपूट व ला भिडलं नाही
तर लोक रवारवणकर वाचतात
आणि हे मला अकरा वेळा सांभाळायचं.

पहिला रवळोजी, तांडेल.
गलबत घेऊन मस्कतला लागला तेव्हा
धक्क्यावरच्या मुनशीने त्याच्या भाषेत विचारलं, कुठला?
रवळोजीने आपल्या खाडीचं नाव सांगितलं.
मुनशीने ते वहीत उतरवलं आणि आता
सातशे माणसं ते अंगावर वागवतात.
(असं म्हणतात. वही कुणी बघितलेली नाही.)

दुसरा त्रिंबकभट, पंचांग करायचा.
ग्रहणाची वेळ चुकली त्याची, एकदाच.
लोक अजून तेवढंच सांगतात.

तिसरा सोनू, पलटणीतला.
बसऱ्याहून एक पाय कमी घेऊन आला
आणि मुलाला शाळेत घालायला गेला.
मास्तर मान वर न करता म्हणाले,
जात कळली, पुढे काय लिहू?
बसऱ्याचो सायब लिवी तांच लिवा, म्हणाला सोनू,
आणि पायरीवरच बसून राहिला
शाई वाळेपर्यंत.

चौथा इस्माईल, आगबोटीवरचा सारंग.
त्याची पत्र्याची पेटी मशिदीमागे नातीकडे आहे,
तिच्यात आता तांदूळ.
झाकणावर नाव इंग्रजीत, दोन अक्षरं जास्तीची.

पाचवी द्वारका. नर्स. सुईण नव्हे,
त्यात फरक आहे असं ती स्वतः सांगायची,
मिरजेचं सर्टिफिकेट काढून.

मग जनूवरून भांडण झालं.
दोन वर्षं लोकांच्या मनीऑर्डरी खाल्ल्या त्याने
आणि व्हाळावर साकव बांधला.
नाव गाळायचं ठरलं, एकमताने.
समिती त्याच साकवावरून घरी गेली.

सहा ते नऊ माझ्या ध्यानात नाहीत.
रंगवताना माणूस अक्षरं बघतो.
एक वकील होता, एक पखवाज वाजवायचा.

दहावी नफीसा, इस्माईलची पणती, जिवंत आहे.
कांदळातल्या खेकड्यांवर डॉक्टर झाली.
फोनवर म्हणाली, काका, नावामागे डॉ. नको,
बाजूला जागा उरली तर एक खेकडा काढा.
काढला. डावा डेंगा जरा मोठा झाला.

अकराव्या ओळीला आलो तेव्हा खाडीला भरती लागली होती.
ब्रश हातात तसाच, आणि मनात आलं
की गावात खारवणकर कुणीच नाही.
इथे आम्ही पुळणीवरचे, घाटीखालचे,
भंडाऱ्यांच्या विहिरीकडचे, मशिदीमागचे.
रस्त्यात उभा राहून ओ खारवणकर अशी हाक मारली
तर एक डोकं वळणार नाही.
हे नाव तरीतून उतरल्यावर मिळतं,
पलीकडच्या धक्क्यावर,
कुणीतरी खंयचो म्हणून विचारलं की.

ह्यातल्या प्रत्येकाला पलीकडे सोडलं
शेवंतीने, नाहीतर तिच्या सासूने,
नाहीतर त्या सासूच्या सासूने.
संध्याकाळी गाठून विचारलं,
शेवंते, तुझा आडनाव काय गो?
ती होडीतलं पाणी उपसत होती.
म्हणाली, रेशनकार्डार बघूक होया.

अकरावी ओळ समितीने देणगीदाराला दिली.
फळा उत्तम दिसतो, सगळे म्हणतात.
खाली कोपऱ्यात, पेंटर लिहितात तसं,
बारीक ब्रशने मी 'लवू' लिहिलं.
पुढे चार बोटं जागा होती.
तिच्याकडे थोडा वेळ बघितलं,
मग ब्रश रॉकेलात बुडवला.